नवसाचा पाय

आबांना त्या काचेच्या पेटीत घालण्याआधी त्यांच्या डोक्यातलं तेल काढायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी शिकेकाई, दुसऱ्या दिवशी शाम्पू, तिसऱ्या दिवशी वैतागून कपड्यांचा साबण. सत्तरीला टेकलेले माझे वडील मोरीत पाटावर बसून मला शिव्या देत होते आणि मी त्यांच्या डोक्यावर तांबे ओतत होते. ओंजळभर खोबरेल जिरवल्याशिवाय आबा कधी घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. शिरोली एमआयडीसीत त्यांनी उभा जन्म फौंड्रीत वाळूचे साचे केले. त्या धुरळ्यात आपले केस टिकले ते तेलामुळं, असं त्यांचं ठाम मत होतं.

"आगं, झालंय पायाला आन् धुतीयास डोकं. डागदर शुद्धीवर हाय न्हवं?"

"आत शुद्ध ऑक्सिजन असतोय आबा. तेलाला ठिणगी लागली तर पेट घेतंय सगळं."

"भट्टीपुढं चाळीस वर्सं उभा हुतो. तवा न्हाय पेटलो ते."

आई गेल्यापासून उचगावच्या घरात आम्ही दोघंच होतो. मी लग्न मोडून परत आलेली, दुपारी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी. माझा स्वभाव फटकळ. तो आईकडून आलाय असं आबा म्हणायचे आणि आई म्हणायची, आबांकडून. कुणाकडून का असेना, आबांच्या आजारपणात तो मला फार उपयोगी पडला, असं मला तेव्हा वाटायचं.

आजार साखरेचा, वीसेक वर्षांचा जुना. हळूहळू त्यानं आबांच्या पायांची जाणीवच नेली. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, त्यात आबांनी दिवसभर पंगती वाढल्या. बुंदीची परात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत, बसायचं नाव नाही. संध्याकाळी घरी येऊन बूट काढला तर आत बोराएवढा खडा आणि मोजा रक्तानं भिजलेला. "आयला, ह्यो कवा गेला?" एवढंच म्हणाले. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला पडलेली ती जखम पाच महिने भरली नाही. मधल्या काळात तिच्या पायी शेजारची दोन बोटं काढावी लागली. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

पायात रक्त नीट पोचत नाही, म्हणून ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून जखम भरत नाही, असं त्यांनी समजावलं. बंद पेटीत, हवेचा दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन दिला की तो रक्तात जास्त विरघळतो आणि एरवी जिथं जात नाही तिथवर जातो. रोज दीड तास, चाळीस दिवस. "ही काही जादू नाही," डॉक्टर म्हणाले. "साखर, ड्रेसिंग, औषधं सगळं सांभाळून याची मदत होते. झाली तर." मी विचारलं, नाही झाली तर? त्यांनी आपल्याच पोटरीवर आडवी रेघ ओढून दाखवली. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय उरला, आबांचा पाय राहणार की जाणार.

पेटी चालवायला एक गृहस्थ होते. नौदलातून निवृत्त झालेले, तिथं पाणबुडे होते. गाव पन्हाळ्याच्या बाजूचं. सगळे त्यांना नेव्हीवाले म्हणत आणि ते सगळ्यांना पावणं म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी आबांची कसून झडती घेतली. गळ्यातला ताईत काढला, मनगटातला गंडा काढला, कमरेचा करदोटासुद्धा काढायला लावला. खिशातली तंबाखूची पुडी त्यांनी दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली. सुती अंगरखा घालून आबा त्या लांबट नळीसमोर उभे राहिले. काचेची म्हणायची, पण होती जाड पारदर्शक प्लॅस्टिकची. आबांनी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. आयुष्यभर ओतीव माल असाच वाजवून बघितलेला माणूस.

"ब्लोहोल न्हाय, कुठं पोकळी न्हाय. चांगली हाय," ते म्हणाले. "पर मला आत घालून वरनं लोखंडाचा रस वततायसा काय?"

नेव्हीवाले पहिल्यांदाच हसले. "पावणं, हे मशीन पाणबुड्यांसाठी काढलेलं. खोल गेलेला मानूस घाईनं वर आला की त्याच्या रक्तात बुडबुडं व्हत्यात. त्याला ह्यात घालून हळूहळू मानसांत आनायचं. आता जमिनीवरच्यांनापन लागायलंय. पडा निवांत. कान दाटलं की आवंढा गिळायचा."

दार लागलं, हवा भरायचा फुसफुस आवाज सुरू झाला. आतला माईक चालू होता. पाच मिनिटांनी आबांचा आवाज आला, "कानात काम्प्रेसर बसलाय, पर गारवा बरा हाय." मग थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. पाच महिन्यांत आबा मला न ओरडता, मी त्यांना न ओरडता, गेलेला तो पहिला दीड तास होता.

मग तो नेमच झाला. सकाळी त्यांना भाकरी खायला घालायची, कारण आत साखर उतरते आणि उपाशी पोटी घेत नाहीत. स्कूटरवर मागं बसवायचं, बँडेजचा पाय रस्त्यावर लोंबू नये म्हणून उशीचा आधार द्यायचा, आठ वाजता केंद्रावर पोचायचं. तिथं बोट टोचून साखर बघायची, मग पेटी. घरी आल्यावर माझा पहारा सुरू. तंबाखू बंद, चहात साखर बंद, तेल बंद. चप्पल मात्र चोवीस तास. डॉक्टरांनी मऊ तळव्याची खास चप्पल दिली होती आणि सांगितलं होतं की आता जन्मात अनवाणी पाऊल टाकायचं नाही, मोरीत जाताना नाही, देवघरात नाही. देवघरातसुद्धा चप्पल, हे आबांना फार लागलं. त्यांनी देव उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवले आणि तिथं उभ्यानं हात जोडायला लागले. एकदा ते खाटेवरून दारापर्यंत बिनचपलेचे गेले तर मी असा आरडाओरडा केला की शेजारीण धावत आली. "पोलीस बरं हिच्यापरीस," असं आबांनी तिला सांगितलं.

त्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर आणखी एक खोली होती. तिथं पिशवीसारखी फुगणारी, चेन लावून बंद करायची मऊ पेटी होती आणि तिथं निरोगी माणसं यायची. कुणाला चेहऱ्यावर तजेला हवा होता, कुणाचा थकवा जात नव्हता, एकजण पळायच्या शर्यतीआधी यायचा. जिन्यातून उतरताना त्यांच्या अंगाला साबणाचा वास यायचा आणि मला त्यांचा राग यायचा. एका बाईंनी मला सहज विचारलं, तुमचे वडीलही फ्रेश व्हायला येतात का? "नाही," मी म्हणाले, "पाय तुटू नये म्हणून येतात." त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुद्दाम माझ्याशेजारी बसून पायाची चौकशी करू लागल्या. उद्धटपणा करूनही माणूस जवळ येतं तेव्हा आपली आपल्यालाच लाज वाटते. वरच्या मशीननं खरंच काही होतं का, असं मी नेव्हीवाल्यांना विचारलं. "मला कळतंय ते खालच्या मशीनचं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

पंधराव्या का सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेची एक कड काळी पडली होती. आबा छताकडं बघत होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, अजून आठ दिवस बघू, मनाची तयारी ठेवा.

परत येताना टेंबलाई देवीच्या टेकडीपाशी मी स्कूटर थांबवली. आबांना खाली रसवंतीच्या बाकावर बसवलं, एक काम आहे, आलेच म्हणून सांगितलं आणि वर गेले. मी काही मोठी देवभक्त नव्हते. आषाढात बायका देवीच्या पायरीवर पाणी घालायला जायच्या तेव्हा आई हात धरून न्यायची म्हणून जायचे, तेवढंच. पण त्या दुपारी मी देवळात उभी राहिले आणि नवस बोलले. पाय राहू दे. राहिला तर नवरात्रातल्या पंचमीला ते त्याच पायांनी, अनवाणी, उचगावपासून चालत तुझ्या पायरीला येतील.

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा तपासून पाहिलं असेल. आमच्याकडं नवस असाच बोलतात. जे मागायचं तेच पुढं करायचं. मूल झालं तर त्याचं जावळ, मूल जगलं तर त्याच्या वजनाचा गूळ. डोळा वाचला तर चांदीचा डोळा आणून वाहतात, तसा मला चांदीचा पाय वाहता आला असता. साडीचोळी नेसवता आली असती. माझे पाय होते, धडधाकट, मी नऊ दिवस अनवाणी राहिले असते. पण मला त्या क्षणी तेवढंच सुचलं, आणि सुचल्यावर बरं वाटलं. डॉक्टरांनी जे जन्मात करायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी देवीला कबूल करून आले. दुसऱ्याच्या पायांनी नवस बोलले आणि हलकी होऊन पायऱ्या उतरले. खाली आबा रसवंतीवाल्याला सांगत होते की त्याच्या चरकाचं कास्टिंग चांगल्या फौंड्रीतलं नाही.

आठ दिवसांनी जखमेची काळी कड निघून गेली. आत लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. तिसाव्या दिवशी जखम रुपयाएवढी उरली. त्याच सुमाराला आणखी एक गंमत झाली. आबा सकाळी ओसरीत बसून चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून, अगदी निधनवार्तासुद्धा. पेटीतल्या ऑक्सिजननं काही दिवस नजरेत असा फरक पडतो, नंतर तो जातो, असं नेव्हीवाल्यांनी सांगितलं होतं. आबांनी ते कानाआड केलं. "जवान व्हायलोय," असं ते गल्लीभर सांगत सुटले. मीही हसत होते. मला वाटत होतं, देवीनं मागितल्यापेक्षा जास्त दिलं.

चाळीस दिवस झाले. जखम बंद झाली होती, वर गुलाबी, पातळ कातडं आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पेढे आणले. आबांनी नेव्हीवाल्यांचे दोन्ही हात धरले. नेव्हीवाल्यांनी मात्र निघताना मला थांबवलं.

"ताई, एक ध्यानात ठेवा. जखम भरली म्हंजे पाय बरा झाला असं न्हाय. कातडं आलंय, जाणीव न्हाय आली. ती येतबी न्हाय. त्यांचं पाय आता तुमच्या डोळ्यांनी सांभाळायचं."

मी व्हय व्हय म्हणाले. स्कूटरवर बसल्या बसल्या आबांना नवसाची गोष्ट सांगितली.

आबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "देवीनं आयकलं म्हनायचं." त्यांनाही आनंद झाला, हे खरं. पण घटस्थापनेच्या दिवशी, मी घटात धान्य पेरत असताना, ते माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"बाळ, चप्पल घालून गेलो तर चालंल का गं? डागदर म्हनलाय न्हवं, मोरीतबी चप्पल घाल म्हनून."

इतके महिने मी ज्यांच्या पायात चप्पल नाही म्हणून गल्ली डोक्यावर घेत होते, ते आज आपणहून चप्पल मागत होते. आणि मी काय केलं? मी त्यांच्यावर खेकसले.

"शब्द दिलाय मी, आबा. पाय मिळाला का न्हाय? मग? एका दिवसानं काय होतंय?"

असं का म्हणाले, ते मला नीट माहीत आहे. भक्ती नव्हती ती, भीती होती. दिलेलं देवी परत घेईल, ही भीती. डॉक्टरांना फसवलं तर ते रागावतील, देवीला फसवलं तर ती पाय नेईल, असा माझा हिशोब होता. इतके महिने मी जी अक्कल आबांना शिकवली ती एका भीतीपुढं टिकली नाही. आबा म्हणाले, "बरं बाई. नवस तुझा, पाय माझा," आणि हसले. त्यांनी परत विषय काढला नाही. माझ्या ओरडण्यापुढं कुणीच परत विषय काढायचं नाही.

पंचमीला पहाटे उजाडता उजाडता आम्ही निघालो. रस्ता गार होता. त्यांची चप्पल मी पिशवीत घेतली होती, दर्शन झालं की घालायची म्हणून. आबा हळूहळू, पण छाती काढून चालत होते. ओळखीचं कुणी दिसलं की थांबून सांगत, "चालत आलोय, अनवाणी. पाय कापायला निघालंतं." लोक त्यांच्या पायांकडं बघून हात जोडायचे. नवाच्या आत दर्शन झालं. मी देवीपुढं उभी राहून म्हणाले, फेडला बरं का.

तेव्हाच परत फिरलो असतो तर. पण पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला येते, कोहळा फोडतात. आबांनी ते बरीच वर्षं पाहिलेलं नव्हतं. "आता आलोच हाय तर बघून जाऊ," म्हणाले आणि मी इतकी खुशीत होते की लगेच हो म्हणाले. चप्पल काढून देऊ का, असं एकदा माझ्या मनात आलं. पण सगळं अंगण अनवाणी माणसांनी भरलेलं, आजूबाजूच्या बायका आबांचं कौतुक करत होत्या, त्यात पिशवीतून चप्पल काढायचा मला संकोच वाटला. पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

पालखी यायला दुपार झाली. ऑक्टोबरचं ऊन. फरशी अशी तापली की लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागले. पोरं रडायला लागली, बायकांनी पदर अंथरून त्यावर पाय ठेवले. मीही नाचत होते. माझा एक पाय सारखा उचललेला. आणि त्या सगळ्यांमध्ये आबा शांत उभे होते. दोन्ही पाय फरशीवर रोवून, हात जोडून, चेहऱ्यावर समाधान.

"भाजत न्हाय व्हय ओ आबा?" कुणीतरी विचारलं.

"काय सुदिक न्हाय," आबा म्हणाले. "देवीची किरपा. गार लागतंय."

आजूबाजूच्या लोकांनी त्यांना नमस्कार केला. एका म्हाताऱ्या बाईनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आणि मी, जिला सांगून ठेवलं होतं की हे पाय तुझ्या डोळ्यांनी सांभाळ, तिथं उभी राहून अभिमानानं त्यांच्याकडं बघत होते.

परतीच्या डांबरी रस्त्यावर अर्ध्यात मी त्यांना चप्पल घातली. संध्याकाळी त्यांचे पाय धुवायला घेतले आणि दोन्ही तळव्यांना टम्म फोड आलेले दिसले. उजव्या पायाचं गुलाबी कातडं तर पाण्याबरोबर हातात आलं. आबा पेपर वाचत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

त्याच घडीला रिक्षा करून दवाखाना गाठायला हवा होता. तीन दिवस मी गेले नाही. घरीच मलमपट्टी केली. कोणत्या तोंडानं जाऊ, नेव्हीवाल्यांना काय सांगू, या लाजेनं मी तीन दिवस घालवले. नवस बोलले ती माझी चूक भीतीची म्हणता येईल, हे तीन दिवस कशाचे म्हणायचे ते मला अजून कळलेलं नाही. चौथ्या दिवशी आबांना थंडी वाजून ताप भरला आणि पायाला वास यायला लागला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. "पुन्हा पेटीत ठेवलं तर?" मी विचारलं. विष पोटरीपर्यंत चढलंय, आता त्याला वेळ नाही, ते म्हणाले. आज संध्याकाळीच पाय काढावा लागेल. मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "अनवाणी चालायची अक्कल कुणाची? मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

दारात नेव्हीवाले येऊन उभे राहिले होते. तेवढ्यात तापानं फणफणलेले आबा खाटेवर उठून बसायला लागले.

"तिला काय बोलू नगासा, सायेब. नवस माझा हुता. पोरगी हात जोडून नगं नगं म्हनत हुती. मीच आयकलं न्हाय. म्हातारं मानूस, हट्टाला पेटलो."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आबा म्हणतात तसंच, अशी. नेव्हीवाले आबांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मग ते निघून गेले.

गुडघ्याखाली पाय गेला. चार दिवसांनी, आबा जरा बोलण्यासारखे झाले तेव्हा, खोलीत आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "आबा, खोटं का बोललासा?"

"तुला बोल लावून पाय येनार हाय व्हय?" ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. "माझं किती दिवस ऱ्हायलं? तुला हितंच काढायच्यात. ही गल्ली एकदा काय तोंडाला लागली की जल्मभर सोडत न्हाय. मी हट्टी हाय हे समद्यास्नी म्हाईत हाय. खपून जातंय."

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. खरं सांगीन, सगळ्यांना सांगीन असं म्हणाले. "गप," ते म्हणाले. मी गप्प बसले. सोयीचं होतं ना.

घरी आल्यावर बघायला माणसं यायची. प्रत्येकाला आबा ती गोष्ट सांगायचे आणि दर खेपेला तिच्यात काहीतरी भर पडायची. पोरगीनं कसे पाय धरले, चप्पल घेऊन कशी मागं मागं पळत आली, आपण कसं तिला झिडकारलं. इतकं रंगवून सांगायचे की ऐकणारे माझ्याकडं दयेनं बघायचे. "मुलगी असावी तर अशी," म्हणायचे. मी चहाचे कप पुढं करायचे आणि मान हलवायचे. आबांनी ते खोटं माझ्यासाठी रचलं होतं. मी त्याच्यावर जगत होते.

पुढं पाच महिने आबा होते. कुबड्यांचा सराव त्यांना जमला नाही. दुसऱ्या पायाचे फोड कसेबसे बरे झाले, पण साखर हाताबाहेर गेली, मग मूत्रपिंडं दमली. खाटेवर पडल्या पडल्या ते उरलेल्या एका पायाची बोटं हलवून बघायचे. एके दिवशी सकाळी भाकरी घेऊन गेले तर हलत नव्हते. तोंडात घातलेलं पाणी बाहेर आलं.

दहाव्याला आबांची धाकटी बहीण, माझी आत्या, घर माणसांनी भरलेलं असताना मला जवळ ओढून बसली. तिचे डोळे रडून सुजले होते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सगळे आमच्याकडं बघत होते.

"माझा भाऊ जल्माचा हट्टी गं," ती म्हणाली. "एवढं जीव तोडून सांगत हुतीस तू. तुझं आयकलं असतं तर आज बसला असता हितं. सांगत हुतीस न्हवं?"

आता आबा नव्हते. त्यांच्याऐवजी बोलणारं कुणी नव्हतं, मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. आत्या माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती.

"व्हय आत्या," मी म्हणाले. "लई सांगितलं. ऐकलंच न्हाय त्यांनी."